पासष्ट गुणांचं नाणं

१

"अगं बाई! हे पुसलं कोणी?"

वहिनींची ही आरोळी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून थेट रस्त्यावर आली, तेव्हा वन्सं खाली सफरचंदवाल्याशी हुज्जत घालत होत्या. हुज्जत भावाची नव्हती. भाव काय असेल तो देऊन त्या मोकळ्या व्हायच्या. पण किलो म्हटलं की किलो! वजनमापं तपासायच्या खात्यात तीस वर्षं काढलेली बाई ती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी पर्समध्ये वीस ग्रॅमचं पितळी प्रमाणित वजन घेऊन फिरायच्या. काट्याचा संशय आला की आधी ते वजन काट्यावर ठेवायचं, मग तोंड उघडायचं.

वहिनींचा आवाज ऐकला आणि वन्संनी सफरचंदं काट्यावरच सोडली. साठी उलटल्यावर दोन जिने एका दमात चढणं गुडघ्यांना मान्य नव्हतं, पण गुडघ्यांना विचारतंय कोण?

वर नाण्यांच्या लिलावाचं दुकान होतं. दाराशी बटण, आतल्यांनी दाबल्याशिवाय दार उघडत नसे. वन्संनी काचेवर थाप मारली, दार उघडलं आणि आतला देखावा पाहून त्या उंबऱ्यातच थबकल्या.

लांब टेबल, त्यावर हिरवं बनातीचं कापड, त्यावर खणाखणांचं लाकडी तबक. तबकातल्या पंधरा-वीस जुनाट, काळपट नाण्यांच्या मधोमध एक चांदीचं नाणं नव्या वाटीसारखं लखलखत होतं. दुकानाचे मालक भिंगकाका डोक्याला हात लावून बसलेले. नाण्यांची परीक्षा करणारी त्यांची सून पांढरीफटक. नेहमीचं गिऱ्हाईक असलेले म्हातारे घड्याळजी पाण्याचा पेला पुढे करून उभे. आणि पेला ज्यांच्यासाठी होता त्या वहिनी कमरेला फडकं खोचून तबकाकडे बोट दाखवत होत्या.

वन्संची नजर आधी गेली ती वहिनींच्या बोटांकडे. बोटं काळी झालीत का? पॉलिश लागलंय का? एका श्वासापुरतंच पाहिलं. पण तेवढंही वहिनींना दिसलं.

"वन्सं," त्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला, "तुम्हालाही वाटतं का, मीच पुसलं म्हणून?"

२

आता कोणी म्हणेल, नाणं लख्ख झालं तर त्यात रडण्यासारखं काय? उलट बरंच की!

इथेच तर सगळी गोम होती.

वहिनी म्हणजे वन्संच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून नणंद-भावजय एकाच घरात राहत, एकमेकींना टोमणे मारत आणि एकमेकींवाचून त्यांचं पान हलत नसे. वहिनींनी एका मोठ्या हॉटेलात एकतीस वर्षं पितळ उजळलं. कठडे, मुठी, घंटा, दिवे. हाताला चैन नाही. बस येईपर्यंत थांब्याचा खांब पुसून घेतील अशी बाई. वन्संचं वीस ग्रॅमचं वजन तर त्यांच्या डोळ्यांत सलायचं. "द्या हो एकदा, किती काळं पडलंय!" आणि वन्सं दर वेळी पर्स छातीशी धरून म्हणायच्या, "मापाच्या वस्तूला फडकं लावायचं नाही!"

दोन महिन्यांपूर्वी वहिनींना त्यांच्या आईच्या बटणांच्या डब्यात, तळाला, लोकरीच्या तुकड्यात गुंडाळलेलं हे नाणं सापडलं. एका बाजूला शिडाचं जहाज, दुसऱ्या बाजूला साल आणि कणसं. रंग काळा-जांभळा, कडेला मोरपंखी झाक. वहिनींचा हात फडक्याकडे गेलाच होता. वन्संनी मनगट धरलं. "आधी जाणकाराला दाखवू."

जाणकार म्हणजे भिंगकाकांची सून. तिनं नाणं दोन बोटांनी कडेला धरून दिव्याखाली फिरवलं आणि तिचा चेहराच बदलला. "आजी, हे कधी वापरलंच नाहीये कुणी! टांकसाळीतून निघालं ते डब्यात गेलं. जहाजाच्या शिडाची एकूणएक दोरी दिसतेय बघा. आणि हा काळा रंग म्हणजे घाण नाही हं, ही चांदीवर धरलेली साय आहे. तिच्याखाली मूळची चमक शाबूत आहे. सत्तरपैकी पासष्ट गुण."

"आणि हेच झिजलेलं असतं तर?" वन्संनी विचारलं.

"झिजलेली तर ढिगानं मिळतात. वीस गुणांचं नाणं विकून चपलांचा जोड येईल."

"आणि पासष्टाचं?"

सुनेनं आकडा सांगितला. वहिनी मटकन खाली बसल्या. गल्लीच्या तोंडाशी आठ फुटांचं एक दुकान रिकामं होतं. पितळ-तांबं उजळून द्यायचं स्वतःचं दुकान काढायचं, हे वहिनींचं वीस वर्षांचं स्वप्न. अडलं होतं ते अनामतीवर. आकडा अनामतीच्या वर जात होता.

"फक्त एक," सून बोट उचलून म्हणाली होती, "याला पुसायचं नाही. पाण्यानं नाही, फडक्यानं नाही, पदरानं नाही. पुसलेल्या नाण्याला गुणच मिळत नाहीत. मग परत चपलांचा जोड."

सुनेनं नाणं तोलून वजन एका पाकिटावर लिहून ठेवलं; नाणं मात्र लिलावापर्यंत घरीच राहणार होतं. ते दोन महिने वहिनींनी कसे काढले ते वन्संनाच ठाऊक. नाण्यावरचा हात आवरायचा म्हणून घरातला प्रत्येक नळ, प्रत्येक कडी, शेजाऱ्यांच्या सायकलची घंटासुद्धा उजळून झाली. आज सकाळी नाणं दुकानात पोचलं. चार वाजता लिलाव. सहापर्यंत अनामत दिली नाही, तर गल्लीतलं दुकान मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला जाणार होतं.

आणि आता पावणेबारा वाजता नाणं लखलखत होतं.

"आजी," भिंगकाका कसंबसं म्हणाले, "तुमच्या हाताची सवय आम्हाला माहीत आहे हो. घासलंत तर घासलंत, तुमचंच नाणं. पण निदान कबूल तरी करा."

"मी?" वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज चढला. "हे मी पुसलंय? हे? अहो, खोबणीत पॉलिशची पांढरी पूड तशीच ठेवलीये! अक्षरांच्या मध्ये बघा! एकतीस वर्षांत माझ्या कुठल्या घंटेत पूड राहिली असेल तर नाव बदलीन!"

काका आणि सून यांनी एकमेकांकडे कीव आल्यासारखं पाहिलं. वन्संनी मात्र पर्स टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "दाराचं बटण कुणी दाबू नका. मला जरा बोलायचंय सगळ्यांशी."

३

पहिली पाळी सुनेची.

"नाणं शेवटचं काळं कधी पाहिलंस?"

"अकराला. आजी आल्या, म्हणाल्या, जायच्या आधी एकदा डोळे भरून बघू दे. मी तबक त्यांच्यासमोर ठेवलं आणि चहा टाकायला आत गेले. दहा मिनिटं लागली. परत आले तर आजींनी तबकावर कापड झाकून ठेवलेलं."

"म्हणजे ती दहा मिनिटं वहिनी एकटीच?"

"हो." सून ओठ चावत म्हणाली. "मीच चुकले. फडकं कमरेला असलेल्या बाईजवळ नाणं ठेवून जायचं म्हणजे..."

"तू दिलेले पासष्ट गुण सगळ्यांना पटले होते का गं?"

सुनेनं सासऱ्यांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. उत्तर काकांनीच दिलं. "मी त्रेसष्ट म्हटलं होतं. चाळीस वर्षं भिंग धरलंय मी. ही काल आलेली पोर मला शिकवणार? सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितलं मी, बघा, नाणं त्रेसष्टाच्याच भावाला जाईल."

वन्संच्या मनात दोन दोरे एकदम ताणले गेले. पासष्टाच्या भावाला गेलं असतं तर सासऱ्याची फजिती. त्रेसष्टाच्या भावाला गेलं असतं तर सुनेची. नाणं बिघडलं की दोघांचीही झाकली मूठ!

"आणि काका, तुम्ही तबकाला हात लावलात?"

"साडेअकराला. खिडकीशी नेऊन खणांना लिलावाचे आकडे चिकटवले. कापड अर्धंच उचललं होतं. हे नाणं त्या बाजूला नव्हतंच."

राहिले घड्याळजी. मऊ बोलणारा, मऊ चालणारा माणूस. शर्टाच्या खिशातून चष्म्याची एक काडी बाहेर लोंबत होती, मांडीवर चष्म्याचं निळं घर, त्यावर दोन्ही हात.

"मी सव्वाअकराला आलो," ते म्हणाले. "तबकातली तांब्याची तीन नाणी बघितली. सूनबाई पावती लिहीत होत्या. जहाजाच्या नाण्याकडे मी बघितलं नाही. उगाच जीव जळतो हो. पस्तीस वर्षं माझ्या संग्रहात तेवढीच एक जागा सलतेय. त्या सालाचं माझ्याकडे आहे, पण पार झिजलेलं. दातांत एक किडका दात असावा तसं."

"मग आज घेणार होतात?"

"मी?" ते कसनुसं हसले. "पासष्ट गुणांचं? घड्याळं दुरुस्त करून?" मग ते वहिनींकडे वळले. "ताई, रडू नका. झालं ते झालं. असं करा, हे पुसलेलं नाणं मला द्या. बाजारात चपलांच्या जोडाचे पैसे मिळतील, मी दुप्पट देतो. आत्ता, रोख. तेवढाच माझाही हातभार."

वहिनींचे डोळे पुन्हा भरले. "देवमाणूस आहात हो तुम्ही."

तीस वर्षांत वन्संनी हजार दुकानं तपासली होती. नऊशे ग्रॅमला किलो म्हणणारे रग्गड भेटले. पण एक किलोच्या भावात दोन किलो देणारा भेटला, की त्या आधी गोणीच्या तळाशी हात घालून बघायच्या.

"पोरी," त्या सुनेला म्हणाल्या, "ते भिंग घे आणि नाण्यावरचे ओरखडे कसे आहेत ते सांग मला."

४

सुनेनं भिंगाला डोळा लावला. "बारीक, केसासारखे. गोल गोल. अंगठ्यानं गोल चोळलंय कुणीतरी."

"आता त्या दाराच्या मुठीकडे बघ."

सगळ्यांनी पाहिलं. दाराची पितळी मूठ सकाळपेक्षा भलतीच उजळलेली होती. वहिनी ओशाळल्या. "ते होय? चहाची वाट बघत होते. हात रिकामा होता."

"भिंग लाव."

सून मुठीशी वाकली. "सरळ आहेत रेघा. सगळ्या वरून खाली. आणि..." तिनं मूठ बोटानं चाचपली. "नक्षीत कणभरही पूड नाही."

"राहीलच कशी?" वहिनींनी पदराच्या टोकाला खोचलेली दात कोरायची काडी काढून दाखवली. "गोल घासलं की ढग उठतात. पहिल्याच दिवशी शिकवतात हे. आणि पूड काडीनं काढायची, नाहीतर महिन्याभरात हिरवं धरतं."

भिंगकाकांचा हात डोक्यावरून खाली आला. पण ते हटवादी होते. "घाईत माणूस गोलही चोळतो. घाबरला की पूडही राहते. आणि नाणं तर पुसलेलं आहेच! दोऱ्या गेल्या शिडाच्या, दिसतंय ना? पॉलिशनं गेल्या."

"दोऱ्या पॉलिशनं गेल्या?" वन्संचे डोळे चमकले. आता बाई आपल्या अंगणात आली होती. "मग वजन करा."

सुनेनं काटा आणला. ती नाणं ठेवणार तोच वन्सं म्हणाल्या, "थांब. आधी काट्याचं वजन." पर्समधून ते काळंकुट्ट वीस ग्रॅमचं पितळी वजन निघालं आणि काट्यावर बसलं. आकडा आला वीस, पुढे शून्य, शून्य. "प्रामाणिक आहे. आता नाणं."

चोवीस पूर्णांक एक्केचाळीस.

"आणि दोन महिन्यांपूर्वी तू पाकिटावर काय लिहिलं होतंस?"

सुनेनं पाकीट शोधून काढलं. तिनं मोठ्यानं वाचलं. "चोवीस पूर्णांक अठ्ठ्याण्णव."

"अर्धा ग्रॅम कमी, आणि वर थोडं!" वन्संनी टेबलावर टिचकी मारली. "काका, नोकरीत असताना मला एक वाणी भेटला होता. त्याचं वजन कमी भरलं. म्हणाला, बाई, मी रोज घासतो, झिजलं असेल. मी म्हटलं, बरं. त्याचंच दुसरं वजन ठेवून घेतलं आणि कचेरीतल्या शिपायाकडून वर्षभर रोज घासून घेतलं. वर्षानं तोललं तर केसाएवढा फरक! अर्धा ग्रॅम चांदी फडक्यानं घासून काढायला वहिनीला किती वर्षं लागतील माहितीये? आणि तिला मिळाली दहा मिनिटं."

"मग चांदी गेली कुठे?" काकांनी विचारलं.

"माणसांच्या हातांत गेली. खिशांत गेली. गल्ल्यांत गेली. पन्नास वर्षं बाजारात फिरल्यावर झिजतं तसं हे झिजलंय. शिडाच्या दोऱ्या पॉलिशनं गेलेल्याच नाहीत, त्या आधीच गेलेल्या होत्या." वन्संनी नाणं उचलून सगळ्यांसमोर धरलं. "अहो, हे पुसलंय ते वहिनीचं नाणंच नव्हे!"

५

खोलीत असा कल्लोळ उठला की खालून सफरचंदवाल्यानं "बाई, तुमची सफरचंदं!" म्हणून हाक मारली तीही कुणाला ऐकू आली नाही.

"म्हणजे माझं... काळंच आहे?" वहिनींनी विचारलं. "कुठेतरी काळंच आहे?" आणि पॉलिशवर आयुष्य काढलेल्या त्या बाईला काळ्या नाण्याचा असा काही आनंद झाला की विचारू नका.

"काळंच आहे, आणि याच खोलीत आहे. अकरानंतर घड्याळजी आत आले आणि मी आले, दार उघडलं ते तेवढ्यासाठीच. बाहेर कुणी गेलेलं नाही." वन्सं उठून टेबलाभोवती फिरू लागल्या. "चोर हुशार. तबकातून नाणं नुसतं उचललं असतं तर बोंब झाली असती, झडत्या झाल्या असत्या. झिजलेलं काळं नाणं ठेवलं असतं तर या पोरीनं एका नजरेत ओळखलं असतं. मग त्यानं काय केलं? घरून झिजलेलं नाणं लख्ख घासून आणलं. म्हणजे बघणारा म्हणणार, अरेरे, नाणं बिघडलं! बिघडलेल्या नाण्यासाठी रडतात लोक. हरवलंय म्हणून ते शोधत कुणी नाही. आणि घासलं कुणी, हे विचारायचीही गरज नाही. कमरेला फडकं खोचलेली बाई समोर बसलेलीच आहे! तिच्या सवयीवर चोरानं सगळा डाव लावला. फक्त तिची सवय त्यानं लांबून पाहिली होती, जवळून नाही. त्याला वाटलं, पुसणाऱ्या बायका गोल चोळतात आणि पूड ठेवतात."

"पण कोण?" सून म्हणाली. "झिजलेली नाणी आमच्याच खणात चार आहेत. माझ्याकडे असू शकतं, बाबांकडे असू शकतं."

"असू शकतं. म्हणून मी एवढंच बघणार आहे की नाणं कुणाजवळ आहे. सगळ्यांनी आपापल्या वस्तू टेबलावर ठेवा."

सुनेनं पर्स ठेवली. काकांनी भिंग, किल्ल्या आणि खोकल्याच्या गोळ्या ठेवल्या. वहिनींनी फडकं आणि काडी ठेवली. घड्याळजींनी रुमाल ठेवला, पाकीट ठेवलं, आणि चष्म्याचं निळं घर हळूच, अगदी हळूच टेबलाच्या कडेला ठेवलं.

"घड्याळजी, काट्यावरचा आकडा जरा वाचता का? माझ्या डोळ्यांना दिसत नाही," वन्सं सहज म्हणाल्या.

घड्याळजींनी खिशात लोंबणारा चष्मा काढून नाकावर चढवला. "चोवीस पूर्णांक..."

"अरे अरे, काचा किती घाण झाल्यात!" वन्सं हळहळल्या. "घामट खिशात उघडा चष्मा ठेवायचा म्हणजे काय! घर आहे की एवढं चांगलं. आत पुसायचा कपडा असेलच, थांबा, काढते." आणि त्यांनी ते निळं घर उचललं, दगडी फरशीवर हातभर उंच धरलं, उलटं केलं आणि अंगठा त्याच्या खटक्यावर नेला.

"उलटं करू नका!"

घड्याळजींची किंकाळी फुटली. मऊ बोलणारा माणूस तो, त्याचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. "कडेवर पडेल! कडेवर पडलं तर दोन गुण जातील हो!"

आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं.

वन्संनी घर सुलटं करून बनातीवर ठेवलं आणि उघडलं. आत मखमलीवर, रेशमी कपड्याच्या दोन घड्यांमध्ये, आईच्या डब्यातलं काळं-जांभळं जहाज निवांत पहुडलं होतं.

आता गंमत बघा. चोर सापडल्यावर माणसं चोराला धरतात. इथे भिंगकाका ओरडले, "बोट लावू नका कुणी!" सून भिंग घेऊन धावली. घड्याळजी स्वतः दिवा जवळ ओढून म्हणाले, "उजेड डावीकडून घ्या." आणि तिघं, मालक, परीक्षक आणि चोर, डोक्याला डोकं लावून नाण्यावर वाकले.

"शीड ठीक," काका पुटपुटले.

"कणसं ठीक," सून म्हणाली.

"कडेखेरीज कुठे हात लावलेला नाही मी," घड्याळजी म्हणाले. "मेलो असतो तरी लावला नसता."

"पासष्ट," सून म्हणाली.

काकांनी भिंग डोळ्यापासून दूर केलं. बराच वेळ सुनेकडे पाहिलं. मग एकदम त्यांना आठवलं आणि ते घड्याळजींवर कडाडले, "अरे चोरा!"

६

घड्याळजी खुर्चीत कोसळले होते. "पस्तीस वर्षं," एवढंच म्हणत होते. "रोज रात्री वही उघडतो आणि ती एक जागा..."

"पोलिसांना बोलवू का, आजी?" काकांनी विचारलं. "नाणं तुमचं. तुम्ही म्हणाल ते."

वहिनी घड्याळजींसमोर जाऊन उभ्या राहिल्या. कमरेवर हात. वन्संना वाटलं, आता बाईच्या तोंडाचा पट्टा सुटणार. सुटलाच.

"देवमाणूस म्हटलं मी तुम्हाला! आणि तुम्ही पुरावा परत मिळवायला दुप्पट पैसे देत होतात होय! नाणं नेलंत ते एक वेळ समजू शकते, जीव जडला असेल. पण असलं पुसलेलं नाणं माझ्या नावावर खपवलंत? हे? लोक म्हणाले असते, एकतीस वर्षं हिनं असंच काम केलं! घ्या ही काडी."

"काडी?"

"पूड काढा. आधी अक्षरांमधली, मग कणसांमधली. मग फडकं घ्या आणि सरळ रेघेत. वरून खाली. मी बघतेय."

घड्याळजींनी डोळे पुसले आणि आपलं झिजलेलं नाणं पुसायला घेतलं. मनगटावरची घड्याळं उघडणारे हात ते, पण वहिनींनी तीन वेळा परत करायला लावलं. पोलीस आले नाहीत. शिक्षा काकांनी ठरवली: आजपासून घड्याळजींना दुकानाचं दार बंद, पण आजचा लिलाव मात्र पुढच्या रांगेत बसून बघायचा. सुनेच्या मते पोलीस परवडले असते.

चार वाजता खोली भरली. नाण्याची पाळी आली तेव्हा काका उभे राहिले, घसा साफ केला, आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "जहाजाचं नाणं. गुण पासष्ट. मी त्रेसष्ट म्हणत होतो. माझं चुकलं. सुनेची नजर माझ्याहून पक्की आहे." सून लाजेनं पाकिटांच्या ढिगाआड गेली.

बोली चढत गेली. दोघं जण हट्टाला पेटले. अनामतीचा आकडा मागे पडला तेव्हा वहिनींनी वन्संचा हात धरला. त्याच्या दीडपट झाला तेव्हा हात इतका आवळला की वन्संच्या बांगडीचा वळ उठला. हातोडा पडला. नाणं नव्या धन्याकडे जायच्या आधी वहिनींनी ते कडेला धरून घड्याळजींसमोर नेलं. "बघून घ्या एकदा नीट," त्या म्हणाल्या. म्हाताऱ्यानं मान हलवली.

सहाला दहा कमी असताना गल्लीतल्या दुकानाची किल्ली वहिनींच्या हातात होती. किल्ली पितळी होती. घरी पोचेपर्यंत ती उजळलेली होती, हे वेगळं सांगायला नको.

पंधरा दिवसांनी दुकान उघडलं. आठ फुटांची जागा, पण आत शिरलं की डोळे दिपावेत. पहिलं गिऱ्हाईक म्हणून वन्सं आल्या आणि फळीवर कोपर टेकून उभ्या राहिल्या. हातात सफरचंदांची पिशवी. सफरचंदवाल्यानं त्या दिवसाचं म्हणून एक वर घातलं होतं आणि वन्संनी ते तोलून परत केलं होतं.

"वन्सं," वहिनी फडकं झटकत म्हणाल्या, "एक विचारू? त्या दिवशी वर आलात तेव्हा तुम्ही आधी माझी बोटं पाहिलीत."

वन्संना वाटलं होतं, हा विषय कधी निघायचा नाही. "पाहिली," त्या म्हणाल्या. "एक श्वासभर मलाही वाटलं, तूच. लाज वाटते मला त्याची."

वहिनींनी मान हलवली. रागावल्या नाहीत; फळीवरून फडकं फिरवत राहिल्या.

वन्संनी पर्स उघडली, वीस ग्रॅमचं ते काळंकुट्ट वजन काढलं आणि फळीवर ठेवलं.

वहिनी बघतच राहिल्या. "हे? खरंच? अहो, मापाच्या वस्तूला..."

"कर म्हटलं ना."

वहिनींनी वजन असं उचललं की जणू पहिलं नातवंड हातात दिलंय. फडकं निघालं, काडी निघाली. वरून खाली, वरून खाली, सरळ रेघेत. वीसच्या आकड्याच्या खोबणीत काडी फिरली, शून्याच्या पोटात फिरली. वहिनींच्या ओठांवर हसू मावत नव्हतं. अर्ध्या तासानं वजन फळीवर परत आलं तेव्हा त्यात वन्संना आपलं नाक दिसत होतं, आणि ते होतं त्याहून मोठं दिसत होतं.

"चारच घरं सोडून सोनाराचा काटा आहे," वहिनी म्हणाल्या. "जाऊन तोलून बघा. कमी भरलं तर मला सांगा."

"कशाला?" वन्सं म्हणाल्या, आणि ते वजन तसंच पर्समध्ये टाकून सफरचंद चावत घरी निघाल्या.